जुना डेस्कटॉप काढून लॅपटॉप घ्यावा का? आमच्या घरातला एका आठवड्याचा हिशोब



दसऱ्यानंतरची पालक सभा संपली आणि एक पालक मागे थांबले. त्यांचा मोठा मुलगा आमच्याच शाळेतून पुढे गेलेला, आता आठवीत आहे. म्हणाले, "गुरुजी, पोरगं म्हणतं जुना कॉम्प्युटर आता कामाचा राहिला नाही. गेमिंगचा लॅपटॉप घ्या, त्यात गेमबी होतो आन् अभ्यासबी. दुकानदार पंच्याहत्तर हजार सांगतो. द्राक्षाचे पैसे हातात यायला अजून चार महिने आहेत. काय करू, घेऊ का?"

एरवी मी लगेच सल्ला देऊन मोकळा झालो असतो. आपल्याला सल्ला द्यायला वेळ लागत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे! पण त्या दिवशी गप्प बसलो. कारण हाच वाद आठ दिवसांपासून माझ्या स्वतःच्या घरात चालू होता आणि माझंच उत्तर ठरत नव्हतं. "दिवाळीनंतर सांगतो," एवढंच म्हणालो. ते उत्तर शोधताना काय काय झालं, ते तुम्हाला सांगतो.

आधी आमच्या डेस्कटॉपची ओळख. ओझरच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात तो आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नाशिकहून सुटे भाग आणून मी स्वतः जोडला. आय-५ ७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, २२ इंची मॉनिटर आणि जीटीएक्स १०५० टीआय नावाचं ग्राफिक कार्ड. सगळं मिळून ४६ हजार.

तेव्हा मी शिक्षक नव्हतो. डी.एड. होऊन सहा वर्षं झाली होती. त्या काळात ज्यांनी डी.एड. केलं त्यांना वेगळं सांगायला नको. २०१० च्या सीईटीनंतर भरतीची वाट बघण्यातच आमची एक अख्खी पिढी गेली. मी एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि अल्बम करत होतो. घरी सांगितलं, "अल्बमच्या कामाला भारी मशीन लागतं." ते अर्धं खरं होतं. ग्राफिक कार्ड मात्र गेमसाठी घेतलं होतं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे बहुतेक हा लेख वाचूनच कळेल.

पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०१७ मध्ये, अभियोग्यता चाचणी झाली. पवित्र पोर्टलवरून २०१९ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलो. मानधन महिना ६ हजार रुपये, तीन वर्षं. (ते १६ हजार झालं जानेवारी २०२३ पासून. तोवर माझी तीन वर्षं संपून गेली होती. असो.) त्या तीन वर्षांत घर चाललं ते नानांच्या फंडाच्या व्याजावर आणि बायकोने या डेस्कटॉपवर केलेल्या अल्बमच्या कामावर. अल्बमचं काम ती माझ्याकडून शिकली आणि दोन वर्षांत माझ्यापेक्षा चांगलं करायला लागली. २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' चालू होतं, तेव्हा पाठांचे व्हिडिओ मी यावरच केले. त्याच वर्षी त्यात २४० जीबीची एसएसडी टाकली. बाकी मशीनला आठ वर्षांत हात लावला नाही.

आता वाद. माझा भाचा शिकायला आमच्याकडे असतो, नववीत आहे. त्याचं म्हणणं, "मामा, हे लय हँग होतं. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका आणि ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप घ्या." मलाही लॅपटॉप हवा होता. शाळेत नेता येईल, पोर्टलची माहिती तिथेच भरता येईल, मुलांना वर्गात काही दाखवता येईल. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद होणार होता. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा सातव्या पिढीतला. म्हणजे एका पिढीने हुकला! दुकानात विचारलं तर डेस्कटॉपचे ५ हजार देतो म्हणाले. जीएसटी कमी झाल्याची चर्चा होती म्हणून तेही विचारलं, पण लॅपटॉपवर आधीसारखाच १८ टक्के आहे.

मी जवळजवळ हो म्हणून आलो होतो. घरी येऊन नानांना सांगितलं.

नाना एचएएलमध्ये फिटर होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या गावाला लोक 'ओझर मिग' म्हणतात ते या कारखान्यामुळे. १९६४ पासून इथे मिगचं काम सुरू झालं आणि गावातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे होतं. नानांनी विचारलं, "त्यातलं नेमकं काय बिघडलं?"

"बिघडलं असं नाही. जुनं झालं."

"आमच्याकडं विमान ओव्हरहॉलला यायचं ना, तेव्हा हे जुनं आहे का, असं कुणी विचारायचं नाही. एकेका भागाचं लाइफ लिहिलेलं असायचं. कुणाचं तासात, कुणाचं वर्षात. ज्याचं संपलं ते काढायचं. ज्याचं उरलंय ते तपासून परत लावायचं. मिग-२१ ला मागून बायसन केलं, तेबी तसंच. ढाचा तोच, आतलं रडार न् बाकीचं नवं."

मी म्हटलं, "नाना, पण मिगसुद्धा गेलंच की आता." २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला होता. तो कार्यक्रम नानांनी टीव्हीसमोर ताठ बसून पाहिला होता. चहा घेतला नव्हता.

"गेलं ना," नाना म्हणाले. "पण त्याच्या जागेवर काय येतंय ते बघून गेलं. तू बघितलंय का, त्या कोपऱ्यात बसून कोण काय करतं?"

मी म्हटलं, त्यात काय बघायचं? माझा गेमिंग पीसी आहे. पण दुसऱ्या दिवशी वहीच्या पानाचे चार रकाने करून मॉनिटरशेजारी अडकवले. जो बसेल त्याने वेळ आणि काम लिहायचं. सोमवार ते रविवार.

पालकहो, तुम्ही काही खरेदी करायच्या आधी एवढं एक नक्की करून बघा. आमच्या पानावर आठवड्याला ३५ तास भरले. भाचा १० तास. मुलगी (तिसरीत आहे) २ तास. मी ५ तास, त्यात गेम फक्त शनिवारी रात्रीचे २ तास. आणि बायको १८ तास.

म्हणजे ज्याला मी आठ वर्षं 'माझा गेमिंग पीसी' म्हणत आलो, तो निम्म्याहून जास्त वेळ तिचं कामाचं टेबल होतं. तो विकायची बोलणी दुकानात झाली, नानांशी झाली, भाच्याशी तर रोज होत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी पान घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिने बघितलं आणि म्हणाली, "अहो, मला वाटलं तुमचं ठरलंय. मी विचार करत होते, दिवाळीनंतरच्या लग्नांच्या ऑर्डरी घेऊ का नको."

मला काही बोलता आलं नाही.

सहामाही झाल्यावर पाचवीच्या वर्गात दोन तास मोकळे मिळाले, तेव्हा आम्ही यावर गणित केलं. ओळखीच्या वायरमनकडून वॅट मोजायचा प्लग आणून मी घरी मोजून ठेवलं होतं. अल्बमचं काम चालू असताना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून ८०-९० वॅट, भाच्याच्या गेमला १७० च्या आसपास. सरासरी १०० धरले. लॅपटॉपचे २०. मुलांना सांगितलं, रोज ५ तास वापर, महिना ३० दिवसांचा, १००० वॅट-तास म्हणजे एक युनिट आणि युनिटला सोयीसाठी ८ रुपये. डेस्कटॉप १५ युनिट, लॅपटॉप ३ युनिट. फरक १२ युनिट, म्हणजे महिन्याला ९६ रुपये. मग फळ्यावर लिहिलं, 'लॅपटॉप ४८,००० रुपयांचा. विजेच्या बचतीतून किती महिन्यांत फिटेल?'

५०० महिने. एका मुलीने लगेच वर्षं काढली, ४१ वर्षं ८ महिने. मागून आवाज आला, "सर, तोवर तुम्ही पंच्याहत्तरचे!" दुसरा म्हणाला, "तोवर लॅपटॉपबी मरंल की." वीज वाचते हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते घ्यायचं कारण होऊ शकत नव्हतं. भागाकाराचा इतका जिवंत तास बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. घरचं लाइट बिल आणून तुम्हीही हा पाठ घेऊ शकता. पाचवीला सहज जमतो, चौथीला थोडी मदत लागेल.

१७ ऑक्टोबरला ओझरच्या धावपट्टीवरून, इथेच जोडलेलं तेजस मार्क-१ए पहिल्यांदा उडालं. संरक्षणमंत्री आले होते. नाना गच्चीवर उभे होते. खाली आल्यावर म्हणाले, "आवाज वेगळा आहे," आणि त्यावर आणखी काही बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी त्यांचा लॅपटॉप आठ दिवसांसाठी दिला. तेराव्या पिढीतला आय-५, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, १५.६ इंची स्क्रीन. मला जो परवडणार होता तसाच. प्रत्येकाने आपलं रोजचं काम त्यावर करून बघायचं ठरलं.

माझ्या कामात लॅपटॉप सरळ जिंकला. आठ मिनिटांच्या पाठाचा व्हिडिओ तयार व्हायला डेस्कटॉपला ११ मिनिटं लागायची, याला ५. एका संध्याकाळी पाऊस आला आणि वीज गेली. डेस्कटॉपचा यूपीएस कसाबसा सात मिनिटं टिकला, लॅपटॉपवर मी जेवणापर्यंत काम करत होतो. अडचण एकच आली. डीटीपीच्या काळातल्या माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या उघडल्या की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं. तुमच्याकडेही अशा जुन्या फाइल असतील तर मशीन बदलायच्या आधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या. जुना कॉम्प्युटर गेल्यावर ते काम फार जड जातं.

आता माझा शनिवारचा गेम. इथे थोडं मोकळेपणाने बोलतो. शिक्षक असून गेम खेळतो म्हटल्यावर काही भुवया वर जातील. डी.एड.ला असताना आम्ही तिघं मित्र नाशिकच्या सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचो. एक आता सुरगाण्याकडे शाळेवर आहे, एकाने वाट बघून शिक्षकी सोडली आणि पुण्यात नोकरी धरली. शनिवारी रात्री साडेनऊला तिघं भेटतो ते त्या गेममध्येच. फोनवर आम्हाला इतकं बोलता येत नाही. हा खेळ मुळात १९९९ चा. त्याची २०१९ ची नवी आवृत्तीसुद्धा त्या साध्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालली. म्हणजे 'गेमसाठी' मला जे कार्ड लागतं असं मी समजत होतो, ते माझ्या गेमला लागतच नव्हतं.

भाच्याचं उलटं झालं. त्याचा गेम लॅपटॉपवर अडखळत चालला. जीटीएक्स १०५० टीआय २०१६ मध्ये बाजारात आलं, तरी २०२३ च्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकने त्याला गाठलं नाही. नवीन म्हणजे सगळ्याच बाबतीत वेगवान असं नसतं. डेस्कटॉपमधलं एकटं कार्ड ७५ वॅट खातं, आणि हा असा पातळ लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक मिळून त्याच्या निम्म्यावरसुद्धा जास्त वेळ टिकत नाही, तापतो. गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. नुसतं कार्डाचं नाव बघून पैसे देऊ नका. उदाहरणार्थ लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे कंपनीला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही ठेवता येतं. स्टिकर तोच, खेळताना मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दुकानात 'किती वॅटचं आहे?' एवढंच विचारा. आणि रॅम नंतर वाढवता येते की बोर्डावर चिकटवलेली आहे, हेही.

बायको दोन दिवस लॅपटॉपवर बसली. वेगाबद्दल तिची काही तक्रार नव्हती, उलट पानं पटापट उघडत होती. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाली, "हा शालू बघा." मॉनिटरवर लाल असलेला शालू लॅपटॉपच्या स्क्रीनवर विटकरी दिसत होता. "यावर रंग धरून छापायला पाठवलं तर नवरीची आई माझ्या दारात येईल." शिवाय मान खाली घालून मान दुखायला लागली ती वेगळी. मी म्हटलं, मोठा मॉनिटर लॅपटॉपला जोडता येतो. ती म्हणाली, "येतो ना. मग सकाळी तुम्ही लॅपटॉप शाळेत नेला की मी कशावर काम करू?"

एकाच्या जागी एक, असं आम्ही धरून चाललो होतो. घरात काम करणारे मात्र चार.

भाच्याबद्दलही एक गोष्ट त्या आठ दिवसांत दिसली, ती पालकांना मुद्दाम सांगतो. डेस्कटॉप बैठकीत आहे. तो गेम खेळतो तेव्हा येता-जाता सगळ्यांना पडदा दिसतो. नाना तर मागे खुर्ची टाकून 'हा कोण, त्याला का मारलं?' असं विचारत बसतात. दहाला जेवणाची ताटं आली की खेळ बंद. लॅपटॉप आल्यावर पहिल्याच रात्री तो आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. वाईट काही करत होता असं मुळीच नाही. पण त्या आठ दिवसांत आम्ही त्याला फक्त जेवताना पाहिलं. हा फरक कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो, आणि मी स्वतः तो लॅपटॉप घरात आणेपर्यंत कधी विचारात घेतला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मी ४८ हजारांचा साधा, वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप घेतला. १६ जीबी रॅमचा, हप्त्यावर. तो माझा आणि शाळेचा. डेस्कटॉप बैठकीतच राहिला. नाना आणि मी एका रविवारी तो उघडला. भाग मांडून नानांनी एकेकाचं लाइफ विचारलं. हार्ड डिस्क कटकट वाजत होती, ती संपली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून भुगा झाली होती. पंख्यात धुळीची चक्क गादी! मॉनिटर, कार्ड, कॅबिनेट ठणठणीत. नवी एसएसडी, जुन्या बाजारातली ८ जीबी रॅम आणि पेस्ट मिळून साडेचार हजार गेले. भाच्याच्या गेममध्ये प्रोसेसरचं तापमान ८४ पर्यंत जायचं, ते ७० वर आलं. हँग होण्याचं खरं कारण बहुतांशी तेच होतं.

विंडोज १० चा प्रश्न सुटलेला नाही, पुढे ढकलला आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते चालू करून घेतलं. त्यानंतर लिनक्स टाकता आलं असतं, पण बायकोचं फोटोशॉप त्यावर सरळ चालत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलावी लागेल, बाकी सगळं तेच राहील. त्या खर्चाची तरतूद तिने स्वतःच्या ऑर्डरींमधून सुरू केली आहे. कॅबिनेटवर मुलीने 'आईचा कॉम्प्युटर' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. मी ती काढलेली नाही.

भाचा अजून थोडा रुसलेला आहे. माझ्याशी कामापुरतं बोलतो, नानांशी मात्र मदरबोर्ड कुठला घ्यायचा यावर तासन्‌तास बोलणी चालतात.

त्या पालकांना दिवाळीनंतर मी चार रकान्यांचं पान दिलं. त्यांनी खरंच आठवडाभर लिहिलं. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरला ४ जीबी रॅम निघाली आणि एसएसडी नव्हतीच. दोन्ही टाकून घेतलं. परवा बाजारात भेटले तेव्हा विचारलं, "आता कसं चालतंय?" म्हणाले, "चालतंय चांगलं, गुरुजी. पण पोरगं म्हणतं, लॅपटॉप पाहिजेच."